सामाजिक भयकादंबरी

सामाजिक भयकादंबरी : गुलामगिरी, वंशद्वेष, जमिनीची लूट, लष्करी राजवट, बाईच्या देहावरचा दुसऱ्यांचा ताबा अशा माणसांनीच केलेल्या अन्यायातून जिच्यातली भीती उगवते, आणि जिच्यातले भूत त्या अन्यायाचा हिशोब मागायला येते, अशी कादंबरी. ‘सोशल हॉरर’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले ते मुख्यतः सिनेमामुळे. 2017 साली आलेल्या ‘गेट आउट’ या आपल्या चित्रपटाला दिग्दर्शक जॉर्डन पील यांनी ‘सोशल थ्रिलर’ म्हटले आणि तेव्हापासून पुस्तकांनाही ही पाटी लागू लागली. कादंबरीने मात्र ही वाट त्याच्या कितीतरी आधी धरली होती.

या प्रकाराचे मर्म आपल्याकडच्या एका जुन्या रीतीवरून चांगले कळते. एखाद्याला भुताने धरले असे वाटले की देवऋषी आधी त्याला विचारतो : कोण तू? कुठला? काय हवंय? उतारा, लिंबू, नारळ हे सगळे त्यानंतर. रूढ भयकथेला या प्रश्नांची फारशी गरज पडत नाही. तिथे भूत म्हणजे बाहेरून आलेले संकट. ते घालवले की घर पुन्हा पहिल्यासारखे होते. सामाजिक भयकादंबरी या तीन प्रश्नांपाशी थांबते आणि उत्तर पूर्ण ऐकते. ते ऐकल्यावर घर पुन्हा पहिल्यासारखे होऊ शकत नाही, कारण दोष घराच्या पायातच असल्याचे कळलेले असते.

सुरुवातीच्या पाऊलखुणांपैकी शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’ (1892) ही कथा आजही वाचताना गुदमरायला होते. बाळंतपणानंतर खचलेल्या बाईला नवरा, जो स्वतः डॉक्टर आहे, ‘विश्रांती’साठी माडीवरच्या खोलीत ठेवतो आणि लिहिण्याला बंदी करतो. भिंतीवरच्या पिवळ्या कागदाच्या नक्षीमागे तिला कोंडलेली बाई दिसू लागते. असे उपचार गिलमन यांनी स्वतः सोसले होते, आणि कथा का लिहिली हे त्यांनी 1913 मध्ये उघड सांगितले. शर्ली जॅक्सन यांची ‘द लॉटरी’ ही कथा 26 जून 1948 च्या ‘द न्यूयॉर्कर’मध्ये आली, आणि त्या उन्हाळ्यात वाचकांची तीनशेहून जास्त पत्रे आली, बहुतेक गोंधळलेली किंवा चिडलेली. या कथेत भूत नाहीच. आहे तो फक्त गाव, गावाची रीत आणि हातात दगड घेतलेले शेजारी. आयरा लेव्हिन यांच्या ‘रोझमेरीज बेबी’ (1967) आणि ‘द स्टेपफर्ड वाइव्ह्ज’ (1972) या कादंबऱ्यांत बाईच्या देहावरचा नवऱ्याचा हक्क हाच भयाचा विषय झाला.

या प्रकाराचा कळस मात्र टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ (1987) हाच. तिला ‘भयकादंबरी’ म्हणायला अनेक समीक्षक कचरतात, जणू त्या शब्दाने तिची उंची कमी होईल. हा संकोच अनाठायी आहे. झपाटलेले घर, पाळण्यातल्या वयात मेलेल्या मुलीचा कोप, आणि एके दिवशी दारात येऊन बसलेली, पाण्यातून आलेली अनोळखी तरुणी : भयकथेची सारी सामग्री तिथे आहे आणि मॉरिसन ती पूर्ण ताकदीने वापरतात. कादंबरीमागची घटना खरी आहे. जानेवारी 1856 मध्ये मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून कुटुंबासह सिनसिनाटीला पळाली. पकडायला माणसे आली तेव्हा लेकरे पुन्हा गुलामीत जाऊ नयेत म्हणून तिने आपल्या लहान मुलीचा गळा चिरला. त्यानंतरचा वाद असा, की तिच्यावर माणूस म्हणून खुनाचा खटला चालवायचा की मालमत्ता म्हणून तिला मालकाकडे परत द्यायचे. तिला परत देण्यात आले. ‘द ब्लॅक बुक’ (1974) या संकलनाचे संपादन करताना या घटनेचे जुने कात्रण मॉरिसन यांच्या हाती लागले होते.

कादंबरीतल्या सेथला मुलीच्या थडग्यावर अक्षरे कोरून घ्यायची असतात आणि गाठीला पैसा नसतो. ती त्या कोरणाऱ्याला दहा मिनिटे आपला देह देते आणि त्या मोलात एकच शब्द मिळतो, ‘बिलव्हेड’, म्हणजे लाडकी. मुलीचे खरे नाव वाचकाला कधीच कळत नाही. म्हणून भुताला ‘कोण तू?’ असे विचारल्यावर ते थडग्यावरचा शब्दच नाव म्हणून सांगते. या एका जागी गुलामगिरीबद्दल जे कळते ते इतिहासाच्या अनेक ग्रंथांतून कळत नाही. 1988 चे पुलित्झर पारितोषिक या कादंबरीला मिळाले. मॉरिसन यांना साहित्याचे नोबेल 1993 मध्ये.

मॉरिसन यांनी उघडलेल्या वाटेने अलीकडच्या काळात बरेच लेखक गेले आहेत, आणि त्यांत टनॅनरीव्ह ड्यू यांची ‘द रिफॉर्मेटरी’ (2023) सर्वांत मोलाची वाटते. फ्लोरिडातल्या मारियाना गावी मुलांसाठी सरकारी सुधारगृह होते. 1900 साली सुरू झालेले हे सुधारगृह पुढे डोझियर स्कूल म्हणून ओळखले गेले आणि 2011 मध्ये बंद झाले. ‘व्हाइट हाउस’ नावाच्या छोट्या इमारतीत तिथे मुलांना पट्ट्याने फोडून काढत. आवारातल्या दफनभूमीत पाइपाचे 31 क्रूस उभे होते. साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या एरिन किमर्ली यांच्या पथकाने जमीन तपासून खणली तेव्हा 55 दफने निघाली. ड्यू यांच्या आईचे चुलते रॉबर्ट स्टीफन्स 1937 मध्ये, पंधराव्या वर्षी, याच सुधारगृहात मरण पावले होते. घरात त्यांचे नावही निघत नसे. लेखिकेला ते कळले उत्खननाच्या निमित्ताने. फ्लोरिडाच्या विधिमंडळाने 2017 मध्ये माफी मागितली.

ड्यू यांनी आपल्या नायकाला त्याच पूर्वजाचे नाव दिले आहे. कथा 1950 ची. बारा वर्षांचा काळा मुलगा रॉबर्ट बहिणीची छेड काढणाऱ्या गोऱ्या जमीनदाराच्या मुलाला लाथ मारतो आणि त्याला सहा महिन्यांची शिक्षा होते. त्याला भुते दिसतात, आणि ती त्याच आवारात मेलेल्या मुलांची आहेत. अधीक्षकाला ही भुते नको आहेत, कारण ती साक्षीदार आहेत. ती पकडून देण्याचे काम तो रॉबर्टवरच सोपवतो. एका कैदी मुलाने सुटकेच्या आशेने दुसऱ्या मेलेल्या मुलांना पकडून द्यायचे, या कल्पनेत जुलमी व्यवस्था कशी चालते ते पूर्ण आले आहे. पानापानावर भीती वाटते, पण भुतांची नव्हे. पाठीमागे उजेड पडून एखादी मोटार हळू होते, तेव्हाची. बाहेर राहिलेली बहीण ग्लोरिया वकील, चर्च, ओळखीपाळखी असे एकेक दार ठोठावत जाते, तो भाग काही वाचकांना लांबलेला वाटतो. तो तसाच हवा होता. कायद्याच्या दारात थांबणे किती लांब असते, ते वाचकालाही सोसावे लागते. या कादंबरीला ब्रॅम स्टोकर पुरस्कार आणि जागतिक फँटसी पुरस्कार मिळाले. याच सुधारगृहावर कोल्सन व्हाइटहेड यांनी ‘द निकेल बॉइज’ (2019) ही भुतांविना कादंबरी लिहिली आहे. दोन्ही लागोपाठ वाचल्या तर भुताने कथेत नेमकी काय भर घातली ते स्पष्ट दिसते : व्हाइटहेड यांच्याकडे मेलेले गप्प आहेत, ड्यू यांच्याकडे ते बोलतात.

भयसाहित्याच्या स्वतःच्या घरातही झाडाझडती झाली. एच. पी. लव्हक्राफ्ट हे या साहित्याचे आद्य पुरुष मानले जातात, आणि त्यांच्या लेखनात परदेशी व काळ्या माणसांविषयीचा तिटकारा उघड आहे. ‘द हॉरर ॲट रेड हूक’ या त्यांच्या कथेत न्यूयॉर्कमधली स्थलांतरितांची वस्ती हीच राक्षसी ठरते. व्हिक्टर लावॅल यांनी ‘द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम’ (2016) या लघुकादंबरीत तीच कथा न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या टॉम या काळ्या तरुणाच्या बाजूने सांगितली. त्याच्या वडिलांना एक गुप्तहेर गोळ्या घालतो, आणि कारण देतो की हातातली गिटार बंदूक वाटली. त्यानंतर टॉमला लव्हक्राफ्ट यांच्या कथांतल्या, अथांग विश्वातल्या बेफिकीर देवतांची भीती वाटत नाही. आपल्या अस्तित्वाची पर्वा नसलेली सत्ता त्याने रोजच पाहिलेली असते. अर्पणपत्रिकेत लावॅल यांनी लव्हक्राफ्ट यांच्याविषयीच्या आपल्या संमिश्र भावनांची कबुली दिली आहे, आणि ती मनापासूनची आहे. 2015 पर्यंत जागतिक फँटसी पुरस्कार म्हणून लव्हक्राफ्ट यांच्याच चेहऱ्याची मूर्ती दिली जाई. लेखकांच्या आक्षेपांनंतर ती बदलण्यात आली.

सिल्व्हिया मोरेनो-गार्सिया यांची ‘मेक्सिकन गॉथिक’ (2020) पुष्कळ लोकप्रिय झाली. मेक्सिकोच्या हिदाल्गो राज्यातल्या रेआल देल मोंते या डोंगरी गावाचा आधार तिला आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या चांदीच्या खाणींत इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून माणसे आली. त्यांचे इंग्रजी कबरस्तान आणि त्यांनी आणलेली ‘पास्ते’ ही भरलेली पुरी-करंजीच्या जातीची पेस्ट्री आजही तिथे आहे. कादंबरीतल्या डॉयल घराण्याने बागेसाठी मातीसुद्धा युरोपातून आणलेली असते. घराच्या भिंतींत बुरशी पसरली आहे, म्हातारा यजमान वंशशुद्धीच्या गोष्टी करतो, आणि खाणीत मेलेल्या स्थानिक मजुरांच्या कबरीवर नावे नाहीत. पहिला अर्धा भाग संथ आहे, नायिका नोएमी आणि यजमानाचा मुलगा व्हर्जिल यांची जुगलबंदी तेच तेच गिरवते. पण घराची स्मृती जिवंत ठेवायला कुणाला पुरले गेले हे उलगडते, तेव्हा ‘खानदान’ या शब्दाचाच वास बदलतो.

स्टीफन ग्रॅहम जोन्स हे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी ब्लॅकफीट जमातीचे लेखक. ‘द ओन्ली गुड इंडियन्स’ (2020) मध्ये चार ब्लॅकफीट तरुण वडीलधाऱ्यांसाठी राखलेल्या रानात एल्क हरणांचा कळप मारतात, त्यात एक गाभण मादी असते, आणि दहा वर्षांनी ती परत येते. इथे अपराधी गोरे नाहीत, आपलेच आहेत; तरीही त्यांची गरिबी, दारू आणि गाव सोडल्याचा सल यांच्यामागे कोण आहे ते ‘चांगला इंडियन म्हणजे मेलेला इंडियन’ या गोऱ्यांच्या जुन्या म्हणीवरून घेतलेले शीर्षकच सांगते. ‘द बफेलो हंटर हंटर’ (2025) या त्यांच्या पुढच्या एका कादंबरीमागे 23 जानेवारी 1870 चे मरायस नदीकाठचे हत्याकांड आहे. अमेरिकी सैन्याने त्या दिवशी ब्लॅकफीटांच्या छावणीत मुख्यतः बायका, मुले आणि म्हातारे मारले. जोन्स यांनी त्यातून एक रक्तपिपासू घडवला, जो ख्रिस्ती पाळकासमोर कबुलीजबाब देता देता पाळकालाच कबुलीला बसवतो.

लॅटिन अमेरिकेत या लेखनाला लष्करी राजवटींची पार्श्वभूमी आहे. अर्जेंटिनात 1976 ते 1983 या काळात हजारो माणसे ‘बेपत्ता’ केली गेली. मानवाधिकार संघटना 30,000 हा आकडा मांडतात. मारियाना एन्रीकेस यांची ‘नुएस्त्रा पार्ते दे नोचे’ (2019, इंग्रजीत ‘अवर शेअर ऑफ नाइट’) सुरू होते ती आजारी बाप आणि लहान मुलगा मोटारीने उत्तरेकडे निघाले आहेत तिथून. बापाच्या अंगात ‘काळोख’ येतो, आणि तो काळोख माणसे खातो. त्याची पूजा करणारा पंथ श्रीमंत मळेवाल्यांचा आहे, आणि राजवटीत माणूस नाहीसा करणे इतके सोपे असते की त्यांना खाद्य कधी कमी पडत नाही. ही कादंबरी अवाढव्य आहे, मधल्या भागात वाट चुकते, लहान मुलांवरची क्रूरता वाचवत नाही. तरी सामूहिक कबरीपाशी पोचलेल्या पत्रकार बाईचे प्रकरण वाचून झाल्यावर पुस्तक मिटून बसावेसे वाटते. तिथे हाडांना नावे देण्याचे काम आणि भुतांचे काम एकच होऊन जाते.

या प्रकारात फसगतही पुष्कळ होते. सर्वांत मोठा दोष म्हणजे भुताचा अर्थ लेखकानेच समजावून सांगणे. राक्षस म्हणजे वंशद्वेष, घर म्हणजे वसाहतवाद, असे समीकरण एकदा मांडले की राक्षस मरतो आणि निबंध उरतो. ‘बिलव्हेड’मधली मुलगी गुलामगिरीचे प्रतीक आहेच, पण त्याआधी ती गोडाला हावरी, आईला शोषून घेणारी, हाडामांसाची लेक आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर : पिढ्यान् पिढ्या भोगलेल्यांच्या यातना सुखवस्तू वाचकाच्या थरारासाठी पुन्हा पुन्हा मांडायच्या का? मार कुठे दाखवायचा आणि कुठे दार लावून घ्यायचे, यावर लेखकाची नीती कळते.

मराठीत नारायण धारप (1925–2008) आणि रत्नाकर मतकरी (1938–2020) यांनी भयकथा आणि गूढकथा घराघरात नेल्या. धारपांच्या ‘समर्थ’ कथांत अमंगळ शक्ती बाहेरून येते आणि तपस्वी माणूस ती परतवतो. मतकरींच्या कथांत ती बहुधा मध्यमवर्गीय मनातल्या अपराधातून वर येते, आणि म्हणून सामाजिक भयाच्या अधिक जवळ जाते. धारपांच्या कथेपासून प्रेरणा घेतलेला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (2018) हा हिंदी चित्रपट 1918 ते 1947 या काळातल्या वाड्याची, सोन्याची आणि बापाकडून मुलाकडे आलेल्या हावेची गोष्ट सांगतो. कादंबरीत मात्र या अंगाने थोडेच झाले आहे.

सामग्रीची वाण नाही. मराठी भुतांची यादी हीच समाजाची नोंदवही आहे. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर बसतो. वासना धरून मेलेल्या ब्राह्मणाचा ब्रह्मसमंध होतो. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते. म्हणजे मेल्यावरही जात, वय आणि बाईपण सुटत नाही. भूत काढण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधून मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमातला गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाल्यावर काही दिवसांतच त्याचा अध्यादेश निघाला होता. हा मार हडळीला लागत नाही, तो जिवंत बाईच्या अंगावर बसतो. हडळीचे पाय उलटे असतात हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. ती कितव्या खेपेला बाळंत होत होती, सुईण कधी आली, दवाखाना किती कोस दूर होता आणि गाडी जुंपायला घरातून कोण नाही म्हणाले, हे तिच्याच तोंडून ऐकवणारी मराठी कादंबरी लिहायला घ्यावी इतकी ती जवळ उभी आहे.