खोबरेल बाटलीत थिजतं, म्हणून नसांतही थिजतं का?

जानेवारीतल्या गार सकाळी ठाण्यातही खोबरेलाची बाटली पांढरी होते, तेल बोटाने उकरून काढावं लागतं. तेवढ्यावरून तलावपाळीच्या कट्ट्यावर कित्येक वर्षं एकच सल्ला ऐकते आहे: "बाटलीत थिजणारं तेल नसांतही थिजतं." हे खरं नाही.

खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजतं, आपलं शरीर 37 अंशांवर असतं. शिवाय खाल्लेलं तेल जसंच्या तसं रक्तात जातच नाही. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं. लहान आतड्यात पित्तरस तेलाचे बारीक थेंब करतो आणि विकरं मेदाम्लं सुटी करतात.

मग बाटलीत ते का थिजतं? खोबरेलात संपृक्त, म्हणजे कार्बनच्या साखळीत दुहेरी बंध नसलेली, मेदाम्लं जास्त असतात. त्यांच्या साखळ्या सरळ असतात, पुड्यातल्या अगरबत्त्यांसारख्या एकमेकींना चिकटून बसतात. असंपृक्त साखळीला दुहेरी बंधापाशी बाक येतो, म्हणून शेंगदाणा तेल पातळच राहतं. हाच बाक आपल्या पेशींचं पटल लवचीक ठेवतो.

याचा अर्थ खोबरेल हवं तितकं खा, असा नाही. संपृक्त मेदाम्लं जास्त झाली की एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हणतात ते, कोलेस्टेरॉल वाढतं. धमन्यांना धोका आहे तो त्यातून. पण घाबरून तेल पूर्ण बंद करणाऱ्यांची मला अधिक काळजी वाटते. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही मेदाम्लं शरीराला बनवताच येत नाहीत. आहारातून मेद काढून टाकला की उंदरांची वाढ खुंटते, हे जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या संशोधक दांपत्याने 1929 मध्येच दाखवलं होतं. अल्फा-लिनोलेनिक मेदाम्ल जवसाच्या चटणीत भरपूर मिळतं.