घरच्या बियाण्याची नोंदणी: शेतकरी वाणासाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात अजूनही अशी घरं आहेत जिथे भाताचं आणि नागलीचं (नाचणीचं) बी दुकानातून येत नाही. उभ्या पिकातून भरलेल्या लोंब्या निवडायच्या, वेगळ्या झोडायच्या, कडक उन्हात वाळवायच्या आणि राख लावून मडक्यात ठेवायच्या, ही रीत बहुतेक ठिकाणी घरातल्या बाईच्या हातातली. या बियाण्याला कायद्यात नाव आहे, 'शेतकरी वाण'. त्याची सरकारदरबारी नोंदणी होते आणि शेतकऱ्याला त्यासाठी एक रुपयाही शुल्क नाही.

हा हक्क 'पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१' देतो. काम पाहणारं प्राधिकरण दिल्लीत आहे, शाखा कार्यालय पुण्यात. लासलगावच्या कांद्याला किंवा नाशिकच्या द्राक्षांना मिळालेलं भौगोलिक मानांकन ही वेगळी गोष्ट, तिचा कायदाही वेगळा. ते त्या भागातल्या मालाला मिळतं. इथे नोंद होते ती वाणाची.

अर्ज कोण करू शकतं

एकटा शेतकरी, शेतकऱ्यांचा गट किंवा अख्खा शेतकरी समुदाय. वाण शेतकऱ्यांनी परंपरेने आपल्या शेतात जोपासलेलं, घडवलेलं हवं, किंवा शेतकऱ्यांना पिढ्यानपिढ्या माहीत असलेलं स्थानिक वाण अथवा पिकाचं रानटी भावंड असलं तरी चालतं. दुकानातून आणलेलं सुधारित बी दहा वर्षं घरी राखलं म्हणून ते आपलं वाण होत नाही. इंद्रायणीसारखं सुधारित भात कितीही मनापासून पिकवलं तरी ते तुमच्या नावावर होणार नाही.

नाव कोणाचं लावायचं, हे मात्र कागद भरण्याआधी गावात बसून ठरवा. नोंदणी झाली की त्या वाणाचं बियाणं पैदा करण्याचा, विकण्याचा, वाटण्याचा हक्क नोंदणीधारकाला मिळतो. एखादं भात चार पाड्यांवर पिकत असेल आणि नोंद एकाच्याच नावावर झाली, तर भावकीत आणि गावकीत वितुष्ट यायला वेळ लागत नाही. माझं मत स्पष्ट आहे: वाण एका घराने निवड करून घडवलं असेल तर त्या घराचं नाव लावा, सगळ्यांचं असेल तर समुदायाच्या नावानेच अर्ज करा आणि सह्यांसाठी एकाला अधिकारपत्र द्या. ग्रामसभेचा ठराव घेऊन ठेवला तर पुढे कुणी बोट दाखवणार नाही.

कागदपत्रं

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे शिफारस. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष किंवा सचिव, जिल्हा कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक किंवा जिल्हा आदिवासी विकास अधिकारी, यांपैकी एकाची ठरलेल्या नमुन्यातली सही लागते. आपल्यासाठी विद्यापीठ म्हणजे राहुरीचं कृषी विद्यापीठ. मी समितीची सही आधी घ्यायला सांगतो, कारण त्या निमित्ताने समिती कपाटातली लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या पिकांची आणि झाडाझुडपांची नोंद असलेली वही, बाहेर काढते. त्या वहीत तुमच्या भाताचं नाव नसेल तर आधी तिथे लिहून घ्या.

बाकी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, समुदाय असेल तर सभासदांची यादी. सातबारा आणि पिकाचे फोटो जोडले तर बरं. कंपनीच्या वाणाला मागतात ती मातृ-पितृ वाणांची माहिती आणि प्रतिज्ञापत्रं शेतकरी वाणाला कायद्यानेच माफ आहेत.

अर्जात काय भरायचं

आधी वाणाचं नाव. नुसते आकडे चालत नाहीत, दुसऱ्या वाणाशी गफलत होईल असं नाव चालत नाही, आणि गावाचं किंवा डोंगराचं नाव त्यात असेल तर हरकत निघू शकते. लोक ज्या नावाने हाक मारतात तेच शक्यतो ठेवा.

मग वाणाचं वर्णन. इथे लोक अडतात, आणि खरं तर इथेच आपली माणसं सगळ्यात हुशार असतात. पेठकडे एका आजींना मी विचारलं, तुमचं भात शेजारच्यापेक्षा वेगळं कसं? त्यांनी दोन लोंब्या तळहातावर ठेवल्या. एकीला कुसळ, दुसरीला नाही. एकीच्या दाण्याचं टोक जांभळट. "ही हळवी, दसऱ्याच्या आत घरात. ती गरवी, तिला पाणथळ खाचर लागतं." अर्जातले रकाने याच गोष्टी विचारतात: पेरणीपासून निसवायला, म्हणजे लोंबी बाहेर पडायला, किती दिवस, झाडाची उंची, पानाच्या तळाचा रंग, लोंबीची लांबी, कुसळ, दाण्याचा आकार. म्हणून अर्ज उन्हाळ्यात टेबलावर बसून भरू नका. पेरणीपासून कापणीपर्यंत वहीत तारखा आणि मोजमापं टिपा. नाशिकचं कृषी विज्ञान केंद्र आणि इगतपुरीचं विभागीय कृषी संशोधन केंद्र इथे जाऊन रकाने समजून घ्या.

पीक अधिसूचित यादीत, म्हणजे नोंदणीसाठी जाहीर केलेल्या पिकांच्या यादीत, आहे का आणि अर्जाची मुदत काय, हे चाचणीसाठी बी पाठवण्याआधी प्राधिकरणाकडे विचारून घ्या. भात आणि नागली यादीत आहेत.

चाचणीला पाठवायचं बियाणं खळ्यावरच्या राशीतून भरू नका. मागे एका गावाने तसं केलं आणि त्यात दोन भातं मिसळलेली निघाली. सगळा हंगाम वाया गेला. चाचणीत वाण इतरांहून वेगळं, एकसारखं आणि टिकाऊ आहे का ते पाहतात. भेसळ झाडांच्या बाबतीत शेतकरी वाणाला दुप्पट सूट आहे, पण सूट म्हणजे मोकळीक नव्हे.

पुढे काय

अर्ज स्वीकारला की जाहिरात निघते आणि हरकतींसाठी तीन महिने मिळतात. हरकत नसेल तर प्रमाणपत्र. शेतपिकाला संरक्षण आधी ६ वर्षं, नूतनीकरण करून एकूण १५. झाडं आणि वेलींना ९ आणि १८ वर्षं.

नोंदणी कोणाचीही असो, शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क कलम ३९ नुसार कायम राहतो. फक्त ब्रँड लावून विकता येत नाही. आणि शेतकरी वाणापासून कुणी नवं वाण काढलं, तर मूळ वाण ज्यांनी घडवलं त्या शेतकऱ्यांच्या संमतीशिवाय नव्या वाणाला परवानगी देता येत नाही. वाणं जपणाऱ्या समुदायांसाठी प्राधिकरणाचा १० लाख रुपयांचा पुरस्कारही आहे.

नोंदणी होईपर्यंत बाहेरचं कुणी बी मागायला आलं तर २००२ चा जैवविविधता कायदा लक्षात ठेवा. परदेशी व्यक्ती किंवा कंपनीला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी मंजुरी लागते. व्यापारासाठी नेणाऱ्या देशी कंपनीने नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवायचं असतं. ते पत्र दाखवायला सांगा. शेजारच्या गावच्या शेतकऱ्याला मूठभर बी द्यायला कसलीही अडचण नाही. बाकी कुणालाही दिलं तर समितीच्या वहीत त्याच दिवशी लिहून ठेवा: तारीख, कोणाला, किती, कशासाठी, आणि नेणाऱ्याची सही.