४४०००१ संत्री, दोन चौरस

सिव्हिल लाइन्समधल्या नागपूर जीपीओचा पिनकोड ४४०००१. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते संस्कृत कवीही होते. अंक ठरले ते टपालाची वर्गवारी सोपी व्हावी म्हणून. गणिताचा तिथे काही संबंध नव्हता. तरी या संख्येच्या पोटात जे दडलंय ते पाहून मी हरखून गेलो.

अंकांची बेरीज ९, म्हणजे संख्येला ९ ने भाग जाणार. (१०, १००, १००० यांना ९ ने भागलं की बाकी प्रत्येक वेळी १ उरते, म्हणून ही शाळेतली युक्ती चालते.) भागाकार येतो ४८८८९. आता याचे अवयव पडतात का? त्याचं वर्गमूळ २२१ च्या जरासं पुढे आहे. अवयव पडत असतील तर त्यांतला लहान २२१ च्या आतच सापडायला हवा. म्हणजे २ पासून २११ पर्यंतच्या ४७ मूळ संख्यांनी भागून बघायचं. मी कागदावर एकेक भागाकार केला. ७ ने भागलं, बाकी १. ९७ ने भागलं, पुन्हा बाकी १! इतक्या जवळ येऊनही भाग कुणाचाच जात नाही. ४८८८९ ही मूळ संख्या आहे.

आता नागपूरच्या कळमना बाजारात ४४०००१ संत्री आली आहेत असं समजा. ती एकाच चौरसात मांडता येतील? ६६३ ओळी, प्रत्येकीत ६६३ संत्री, एवढं जमतं. पण ४३२ संत्री उरतात. दोन चौरस केले तर?

इथे सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मा मदतीला येतो. ज्या मूळ संख्येला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, ती दोन वर्गांची बेरीज असते आणि तीही एकाच प्रकारे, असं त्याने १६४० मध्ये मर्सेन या दुसऱ्या फ्रेंच गणितीला पत्रातून कळवलं. सिद्धता पुढच्या शतकात ऑयलर या स्विस गणितीने दिली. ४८८८९ ला ४ ने भागा, बाकी १. म्हणजे असे दोन वर्ग असणारच. शोधायला वेळ लागतो, पण सापडतात: ७५ चा वर्ग ५६२५, २०८ चा वर्ग ४३२६४. दोन्ही बाजू तिप्पट करा, वर्ग नऊपट होतात:

२२५² + ६२४² = ५०६२५ + ३८९३७६ = ४४०००१

एक चौरस २२५ चा, दुसरा ६२४ चा. एकही संत्रं उरत नाही, आणि दोन चौरसांची दुसरी कुठलीही मांडणी शक्य नाही.

हाच माल तीन व्यापाऱ्यांनी सारखा वाटून घेतला तर प्रत्येकाकडे १४६६६७ संत्री येतील. त्यांचे मात्र दोन चौरस कधीच होणार नाहीत. कुठल्याही वर्गाला ४ ने भागलं की बाकी ० किंवा १ येते, म्हणून दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ०, १ किंवा २. आणि १४६६६७ ला ४ ने भागल्यावर उरतात ३.