साठ की पासष्ट? घरीच राहणाऱ्या ज्येष्ठांच्या सेवांची पार्श्वभूमी

प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर यांसारख्या नागपुरातील लेआउटमध्ये आयुष्याच्या कमाईतून बांधलेल्या अनेक घरांत आता दोघेच, किंवा एकटेच कोणी राहते. या मंडळींना राहते घर सोडावे न लागता वस्तीतच मदत मिळावी, हा विचार सरकारी कागदांवर नवा नाही. 1999च्या राष्ट्रीय धोरणाने वृद्धाश्रम हा शेवटचा पर्याय मानला होता. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणासाठीचा 2007चा कायदा मात्र मुलांकडून मिळायचा निर्वाहभत्ता आणि जिल्हागणिक 150 निराधार ज्येष्ठांसाठी निवासगृह यांभोवतीच अधिक फिरला.

वस्तीच्या दृष्टीने कामाची तरतूद पुढे नियमांतून आली. आपल्या हद्दीतील ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, अद्ययावत यादी पोलीस ठाण्याने ठेवावी आणि समाजसेवकासह महिन्यातून एकदा तरी त्यांची भेट घ्यावी, असे त्यात अपेक्षित आहे.

पण यादीत कोणाला घ्यायचे, याचे उत्तर सरळ नाही. कायद्याने ज्येष्ठ नागरिक म्हणजे 60 वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती असे ठरवले असताना राज्याच्या 2013च्या धोरणाने ही मर्यादा 65 धरली. त्यावर बरीच नाराजी झाली आणि 2018मध्ये ती 60वर आणण्यात आली. खर्चाचा भार वाढेल, ही शासनाची अडचण अगदीच खोटी नव्हती. पण कायद्याने ज्येष्ठ ठरवलेल्याला धोरणाने पाच वर्षे थांबवून ठेवणे समर्थनीय नव्हते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शिवाय 2018चा बदल व्याख्येपुरताच राहिला. एसटीचे अर्धे तिकीट 65लाच, 2022पासूनचा मोफत प्रवास 75नंतर, 2024मधील आयुष्मान या मोफत उपचारांच्या आरोग्य कार्डाचा विस्तार 70च्या पुढे. रेल्वेची सवलत पुरुषांना 60व्या आणि स्त्रियांना 58व्या वर्षी मिळत असे. ती मार्च 2020मध्ये थांबली. त्यामुळे एकटे राहणारे 62 वर्षांचे गृहस्थ पोलीस ठाण्याच्या यादीत ज्येष्ठ असतात आणि बसस्थानकाच्या खिडकीपाशी पोचताच ज्येष्ठ उरत नाहीत. वस्तीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या नोंदवहीत वयाचा रकाना एक असला, तरी त्यापुढे कोणती सवलत लागू हे दर वेळी वेगळे पाहावे लागते.

अलीकडचा भर वस्तूंवर आणि खात्यात जमा होणाऱ्या रकमेवर आहे. 2021मध्ये 14567 ही मदतवाहिनी देशभर सुरू झाली. 2024च्या राज्य योजनेत दोन लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या 65 वर्षांवरील व्यक्तीला चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच 3000 रुपये मिळतात. माणसाने येऊन करायचे काम मात्र या योजनांबाहेरच राहिले. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे गेला की नागपुरात कूलरची टाकी दिवसातून दोनदा तरी भरावी लागते आणि अंगणातल्या नळापासून पाइप ओढत नेणे सत्तरीतल्या माणसाच्या आवाक्यातले नसते. ते काम वरच्या मजल्यावरचा भाडेकरू विद्यार्थी करतो, आणि तो उन्हाळ्याच्या सुट्टीत नेमका गावी गेलेला असतो.