दगडी कोळशातील बीजुके

दलदलीतल्या पीटचा (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराचा) लिग्नाइट, दगडी कोळसा व अखेर अँथ्रासाइट होत असताना त्यातील वनस्पतींची बीजुके (बीजाणू) व परागकणही बदलत जातात. पाने-खोडे कुजून ओळखेनाशी होतात. बीजुकाचे कवच मात्र टिकते, कारण ते स्पोरोपोलेनिन या कमालीच्या चिवट पदार्थाचे असते. कोळशातील अशा कवचांना स्पोरिनाइट म्हणतात.

वर साचणाऱ्या गाळाच्या ओझ्याने गोल बीजुक हवा गेलेल्या चेंडूसारखे चपटे होते. थराला काटकोनात घेतलेल्या छेदात त्याची नुसती रेघ दिसते. काटे, जाळी, तीन फाट्यांची खूण पुष्कळदा तशीच राहते. आतला पदार्थ मात्र पालटतो.

जमिनीखालच्या उष्णतेने कवचातील हायड्रोजनयुक्त साखळ्या तुटून तेल-वायूच्या रूपाने निघून जातात, कार्बनची वलये उरतात. फिकट पिवळा रंग नारिंगी, तपकिरी, शेवटी काळा होतो. जंबुपार प्रकाशातली हिरवट-पिवळी चमकही तांबूस होत विझते. कोळशातील मुख्य घटक व्हिट्रिनाइट याची परावर्तकता (पडलेल्या प्रकाशापैकी परत फेकला जाणारा भाग) सुमारे १.३ टक्क्यांच्या पुढे गेली, की स्पोरिनाइट त्यातून वेगळे काढणे अवघड होते. हा रंग माघारी फिरत नाही, म्हणून खडकाने सोसलेल्या उष्णतेचा अंदाज घेण्यासाठी तेलशोधक तो पाहतात. बीजुके सोडवायला नायट्रिक आम्ल व पोटॅशियम क्लोरेट वापरले, तर मात्र रंग उतरतो आणि अंदाज फसतो. झारखंडमधल्या झरियात तर कोळशात घुसलेल्या तप्त शिलारसाने शेजारच्या थराचा झामा (भाजून कोकसारखा झालेला कोळसा) केला आहे. तिथे बीजुके शोधण्यात अर्थ नाही.

मुंबईचा खडक बेसाल्टचा. तिच्या पोटात कोळशाच्या खाणी नाहीत, जे आले ते बाहेरून. एकोणिसाव्या शतकात गिरण्यांच्या बॉयलरांत जळालेला विलायती कोळसा कार्बॉनिफेरस काळातला, ३० कोटी वर्षांहून जुना. लेपिडोडेंड्रॉनसारख्या वृक्षांची त्यातली काही बीजुके मिलिमीटरभर, म्हणजे भिंगाशिवायही दिसतील एवढी. चंद्रपूर-वणीचा कोळसा त्यानंतरच्या पर्मियन काळातला, ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या रानांचा. त्यात दोन पंखांचे परागकण सापडतात. तो फारसा तापलेला नसल्याने त्यांचा पिवळा-तपकिरी रंग अजून दिसतो. वखारीतल्या ढिगात दोन्ही कोळसे सारखेच काळे.