डिफेन्समन म्हणजे फुलबॅक नव्हे

आइस हॉकीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, “बॉबी ऑर म्हणजे त्यांचा हरमनप्रीत. बचावपटू असून गोल करणारा.” ऑर हा आइस हॉकीतला गाजलेला डिफेन्समन म्हणजे बचावपटू, आणि हरमनप्रीत सिंग हा आपल्या मैदानी हॉकी संघाचा फुलबॅक. तुलना ऐकायला छान, पण साफ चूक. दोघे बचावफळीतले आणि दोघांच्या नावावर भरपूर गोल, इथपर्यंत ठीक. साम्य तिथेच संपतं.

फुलबॅक आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, त्याच्यावर शब्द खर्चत नाही. बर्फावर गोलकीपर धरून सहा जण खेळतात, त्यांत डिफेन्समन दोन. संघाकडे अशा तीन जोड्या असतात. एक जोडी पाऊण मिनिटाच्या आसपास जीव तोडून खेळते आणि बाकावर परतते. चेंडूच्या जागी पक, गवताच्या जागी बर्फ, अंगभर पॅड. हे फरक सामना पाच मिनिटं पाहिला तरी कळतात.

कळत नाही ते नियमांमुळे काय होतं ते. मैदानी हॉकीत चेंडूला डीच्या (गोलसमोरच्या अर्धगोलाकार क्षेत्राच्या) आत आपल्या खेळाडूची स्टिक लागली तरच गोल धरतात, आणि डीची रेषा गोलपासून १४.६३ मीटरवर. चालू खेळात फुलबॅक तिथवर क्वचित पोचतो. म्हणून त्याचे गोल येतात पेनल्टी कॉर्नरवर. खेळ थांबतो, तो पुढे जातो, ड्रॅग फ्लिक मारतो आणि परत आपल्या जागी येतो. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हरमनप्रीतने १० गोल केले. सगळे पेनल्टी कॉर्नरवर नाहीतर पेनल्टी स्ट्रोकवर. म्हणजे बचाव करणं हे एक काम, गोल करणं हे दुसरं, आणि दोन्हींच्या मध्ये पंचाची शिट्टी.

आइस हॉकीत डी नाही आणि कॉर्नरही नाही. गोल कुठूनही मारा. पण मैदानी हॉकीने १९९०च्या दशकात काढून टाकलेला ऑफसाइड तिथे अजून आहे, आणि सगळी मेख त्यातच आहे. रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, दोन निळ्या रेषा आखलेल्या असतात. प्रतिस्पर्ध्याच्या निळ्या रेषेपलीकडे पकच्या आधी कुणी जायचं नाही. आत हल्ला रंगात आलेला असताना पक त्या रेषेबाहेर निसटला, तर आत असलेल्या प्रत्येकाने बाहेर यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. पक निसटू नये म्हणून हल्ल्याच्या वेळी दोन्ही डिफेन्समन याच रेषेवर, गोलरेषेपासून ६४ फुटांवर उभे असतात. कडेच्या फळीला घासत पक वेगाने बाहेर येतो. पुढे होऊन तो अडवायचा की पाठ न फिरवता मागे सरकायचं? अडवला तर हल्ला जिवंत. हुकला तर समोरचा गडी मोकळ्या बर्फावरून थेट आपल्या गोलकीपरकडे. हल्ल्यातला चौथा-पाचवा माणूस आणि बचावातला पहिला माणूस एकाच क्षणी एकच असतो. या निर्णयावर डिफेन्समनची कारकीर्द उभी राहते किंवा संपते, आणि सामना बघताना लोक नेमकं तिथेच पाहत नाहीत.

बरं, त्या ६४ फुटांवरून मारलेला प्रत्येक फटका गोलसाठी नसतोच. गर्दीतून खालून पक सोडायचा, गोलसमोर उभ्या फॉरवर्डने स्टिक लावून त्याची दिशा बदलायची. गोल फॉरवर्डच्या नावावर, असिस्ट (गोलला हातभार लावल्याची नोंद) डिफेन्समनच्या. एका गोलमागे दोन असिस्टपर्यंत मिळतात, आणि गोल अधिक असिस्ट मिळून होतात ‘पॉइंट्स’. ऑरचे १९७०-७१ मधले १३९ हे पॉइंट्स आहेत, गोल नव्हेत. गोल ३७, असिस्ट १०२. हे लिहून लिहून माझी बोटं दुखली. त्याच मोसमात त्याचा प्लस-मायनस (ढोबळमानाने, तो बर्फावर असताना संघाने केलेले गोल वजा खाल्लेले गोल) +१२४ होता; तो विक्रम अजून मोडलेला नाही आणि ‘फक्त पुढे पळणारा’ म्हणून त्याला हिणवणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे.

तरी डिफेन्समनची कारकीर्द समजायची असेल तर मी ऑरकडे नाही, निकलास लिडस्ट्रॉमकडे बोट दाखवेन. ऑर अपवाद आहे, आणि गुडघ्यांनी त्याला तिशीतच निवृत्त केलं. स्वीडनच्या लिडस्ट्रॉमला डेट्रॉइट रेड विंग्जने १९८९च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत) ५३व्या क्रमांकावर निवडलं. १९९१ ते २०१२ तो त्याच संघाकडून खेळला: १५६४ सामने, २६४ गोल, ८७८ असिस्ट आणि लीगच्या विजेत्याला मिळणारे चार स्टॅनली कप. सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी त्याला पहिल्यांदा मिळाली २००१ मध्ये, एकतिसाव्या वर्षी; सातवी आणि शेवटची २०११ मध्ये, एकेचाळिसाव्या. पळण्याच्या जोरावर खेळणारा फॉरवर्ड त्या वयात बहुधा निवृत्त झालेला असतो. लिडस्ट्रॉम टिकला, कारण निळ्या रेषेवर कधी थांबायचं आणि कधी मागे यायचं हे त्याला इतरांच्या आधी दिसायचं.

डिफेन्समन म्हणजे धक्काबुक्की करणारा दांडगट, हा आणखी एक लाडका गैरसमज. त्या १५६४ सामन्यांत लिडस्ट्रॉमच्या नावावर शिक्षेची मिनिटं (नियम मोडल्याबद्दल बाहेर बसण्याची) ५१४. सरासरी काढली तर तीन सामन्यांत एक मिनिट. धक्के मारून पक मिळवणारे चांगले डिफेन्समन आहेतच, पण धक्का मारावा लागला याचा अर्थ बऱ्याचदा पोचायला उशीर झाला एवढाच असतो.

आणि फुलबॅकशी तुलना करायचीच हौस असेल, तर २००२च्या प्लेऑफमधला (कपसाठीच्या बाद फेरीतला) व्हँकुव्हरविरुद्धचा तिसरा सामना बघा. डेट्रॉइट मालिकेत ०-२ ने मागे. दुसरा पिरियड संपत आलेला. लिडस्ट्रॉमने रिंकच्या मधल्या लाल रेषेजवळून फटका मारला आणि पक गोलकीपरला चकवून आत गेला. डेट्रॉइटने तो सामना घेतला, मालिका ४-२ ने जिंकली आणि पुढे कपही. प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्मिथ ट्रॉफी लिडस्ट्रॉमला मिळाली. ती मिळवणारा तो पहिला युरोपीय. तोच फटका हरमनप्रीतने मैदानाच्या मध्यावरून मारून थेट जाळ्यात घातला असता, तर पंचाने प्रतिस्पर्ध्याला फ्री हिट दिली असती.