वाइड कन्व्हर्टर लावलाय, मग फिल्टर पुढे लावायचा की मध्ये?

कॅननचा पॉवरशॉट जी९ किंवा तसलाच एखादा कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा असेल आणि त्याला वाइड कन्व्हर्टर, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपायला लेन्सपुढे बसवायचं जादा भिंग, लावत असाल तर फिल्टरला दोन जागा मिळतात. एक कन्व्हर्टरच्या तोंडावर, सगळ्यात पुढे. दुसरी मध्ये, म्हणजे कन्व्हर्टर बसवायची नळी आणि कन्व्हर्टर यांच्या मधोमध. फिल्टर तोच, काच तीच, त्यामुळे कुठेही लावला तरी चालतंय असं बऱ्याच जणांना वाटतं, पण फोटोच्या कोपऱ्यात, खर्चात आणि हाताळण्यात फरक पडतो आणि चांगलाच पडतो.

आधी जोडणी बघू. जी९ च्या लेन्सभोवतीची बारीक रिंग काढली की तिथे एलए-डीसी५८एच नावाची नळी बसते, नळीच्या तोंडाला ५८ मिमीचे आटे असतात आणि त्यावर डब्ल्यूसी-डीसी५८बी हा ०.७५ पटीचा कन्व्हर्टर. झूम लेन्स नळीच्या आत मागेपुढे होत राहते आणि कन्व्हर्टरचं सगळं वजन कॅमेऱ्याच्या बॉडीवर येतं, लेन्सच्या मोटरवर नाही, हे फार महत्त्वाचं आहे. लेन्सच्या तोंडालाच चिकटवायचे मॅग्नेटवाले स्वस्त कन्व्हर्टर मिळतात ते मी म्हणूनच कुणाला सुचवत नाही. जी९ ची लेन्स वाइडला (झूम अजिबात न करता) फिल्म कॅमेऱ्यावरच्या ३५ मिमी लेन्सइतकं दृश्य दाखवते, ०.७५ ने गुणलं की झाले साधारण २६. म्हणजे कर्णातून ६३ अंश दिसत होतं ते आता ७९ अंश दिसायला लागलं.

हे दोन आकडे लक्षात ठेवा, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. कन्व्हर्टर म्हणजे खरं तर उलटी धरलेली दुर्बीण, पुढे खोलगट भिंग, मागे फुगीर. लांबून येणारे किरण समांतर आत शिरतात आणि समांतरच बाहेर पडतात, त्यामुळे मध्ये फिल्टरची सपाट काच आली तरी फोकस बिघडत नाही. आणि मध्ये लावलेल्या फिल्टरला ६३ अंशांचंच काम असतं. पुढे लावला तर त्याच्या रिंगला ७९ अंशांना वाट करून द्यायची असते, म्हणून तिथे मोठा फिल्टर लागतो, आणि मोठा फिल्टर म्हणजे मोठी किंमत. त्यातही चांगला पोलरायझर (चमक घालवणारा, फिरवून वापरायचा फिल्टर) घ्यायचा म्हटलं तर साइज वाढली की खिसा रिकामा होतो. शिवाय बऱ्याच कन्व्हर्टरना पुढे आटेच नसतात, किंवा काच इतकी बाहेर आलेली असते की फिल्टर टेकेल.

मग मध्येच लावावा ना? लावा, पण फिल्टरची रिंग जितकी जाड तितका कन्व्हर्टर लेन्सपासून लांब जातो, आणि लांब गेला की कोपऱ्यातले किरण त्याच्या मागच्या काचेच्या कडेला कापले जातात. चारही कोपरे काळे. साधारण ५ मिमी जाडीच्या रिंगनेही हे होऊ शकतं.

मग स्लिम फिल्टर घ्यावा असं वाटतं, आणि इथे पोलरायझरवाले फसतात. खूप पातळ पोलरायझरना बऱ्याचदा पुढच्या बाजूला आटेच दिलेले नसतात, त्यामुळे कन्व्हर्टर लावणार कशावर! आटेवाला घेतला तर कन्व्हर्टर बसतो तो पोलरायझरच्या फिरत्या रिंगवर. म्हणजे पोलरायझर फिरवायचा तर अख्खा कन्व्हर्टर हातात धरून फिरवायचा. फोटोला त्याने काही होत नाही, भिंगं गोल आहेत, पण उलट्या दिशेने फिरवलंत तर कन्व्हर्टर सुटत सुटत हातात येईल आणि कड्याच्या टोकावर उभे असाल तर हातातही नाही येणार. म्हणून कायम आटे घट्ट होतात त्याच दिशेने फिरवा, कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून बघताना ती घड्याळाच्या उलटी दिशा असते. अर्ध्या फेरीत पोलरायझरचा सगळा परिणाम बघून होतो, जास्त लागतच नाही.

पावसाळ्यात अजून एक. एसी गाडीतून माळशेजला उतरलात की काचेवर वाफ धरते. पुढचा फिल्टर रुमालाने पुसता येतो, मधल्यासाठी सगळं खोलावं लागतं, तेही भुरभुरत्या पावसात.

आभाळाचं मात्र दोन्हीकडे सारखंच. सूर्यापासून ९० अंशांवरच्या पट्ट्यात पोलरायझर सगळ्यात जास्त काम करतो, आणि इतक्या वाइड फोटोत तो गडद पट्टा मधेच उठून दिसतो. फिल्टर पुढे असो की मध्ये, हे टळत नाही. ओले दगड, पानं, पाणी यांच्यावरची चमक घालवायला वापरा, निळ्या आभाळासाठी जपून.

एनडी म्हणजे नुसता प्रकाश कमी करणारा काळपट फिल्टर. त्यातला ग्रॅज्युएटेड एनडी, म्हणजे अर्धा काळा अर्धा साफ, तो पुढेच हवा. मध्ये लावला तर लेन्सच्या इतका जवळ येतो की काळ्या-पांढऱ्यातली रेघ पसरून जाते आणि आभाळाबरोबर जमीनही काळवंडते. साधा एनडी कुठेही चालतो. यूव्ही फिल्टर (बरेच जण काचेच्या संरक्षणासाठी लावतात तो) मध्ये ठेवूच नका. कोटिंग नसलेल्या काचेची प्रत्येक बाजू साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकते, आणि कन्व्हर्टरच्या मागे अशी सपाट काच असली की रात्रीच्या दिव्यांची भुतं, म्हणजे नको असलेली प्रतिबिंबं, फोटोत दिसतात. काचेच्या संरक्षणासाठी कन्व्हर्टरचं झाकण पुरेसं आहे.

फुजीच्या एक्स१०० वर मात्र गणित उलटं होतं. त्याचा डब्ल्यूसीएल-एक्स१०० कन्व्हर्टर (०.८ पट, ३५ चे २८) लेन्सवर थेट बसतो, मध्ये नळी नाही, आणि त्याच्या तोंडाला ४९ मिमीचे आटे आहेत. कॅमेऱ्यालाही अडॅप्टर रिंग लावून ४९ चाच फिल्टर लागतो, म्हणजे तोच फिल्टर उचलून पुढे लावायचा, दुसरा घ्यायला नको. वर त्यात ३ स्टॉपचा एनडी कॅमेऱ्यातच आहे, प्रकाश आठव्या भागावर येतो, त्यामुळे धबधब्यासाठी बऱ्याचदा बाहेरून काही लावावंच लागत नाही.

तुमच्या जोडणीचं काय ते घरीच कळतं. झूम पूर्ण वाइडला, अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, सगळ्यात लहान (जी९ वर एफ/८), आणि पांढऱ्या भिंतीचा एक फोटो फिल्टर मध्ये लावून, एक पुढे लावून, एक अजिबात न लावता. लहान अॅपर्चरला काळ्या कोपऱ्याची कड स्पष्ट दिसते, मोठ्याला ती धूसर होऊन लपून जाते आणि मग मोठ्या स्क्रीनवर सापडते. कोपरे थोडेसेच कापले जात असतील तर झूम किंचित पुढे घ्या, ३८ च्या आसपास गेलात तरी कन्व्हर्टरसकट २८ ते २९ मिळतात, आणि त्यापेक्षा जास्त पुढे जावं लागत असेल तर तो फिल्टर मध्ये लावू नका.